रजिस्टरात नसलेली माणसं

मामांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याच अक्षरानं त्यांचा घात केला.

नगरपालिकेच्या जुन्या सार्वजनिक हॉलचे ते राखणदार. त्यांच्या पदाचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते वर्षातून एकदा पगारवाढीच्या पत्रात यायचं आणि पुन्हा कपाटात जायचं. बाकी सगळ्यांचे ते मामाच. सख्खी बहीण एकही नाही, तरी अर्ध्या वस्तीचे मामा. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली माणसंही मामाच म्हणायची. बायको म्हणायची, “भाचे एवढे, पण गॅसची टाकी वर चढवायला एकजण फिरकेल तर शपथ!”

हॉल म्हणजे एक लांबलचक खोली. दक्षिणेला सहा उंच खिडक्या, समोर दोन पायऱ्यांचं स्टेज, भिंतीला टेकवलेल्या एकशेवीस लोखंडी घडीच्या खुर्च्या. त्यातल्या नऊ लंगड्या. त्या नऊ मामांना चेहऱ्यानं ओळखू यायच्या. जाड माणूस दारातून शिरताना दिसला की मामा आधी धावत जाऊन त्याची खुर्ची बदलायचे. तीन नंबरचा पंखा काठीनं ढकलल्याशिवाय फिरत नसे. माइक तिरका धरला नाही तर डासासारखा गुणगुणायचा. सत्तावीस वर्षांत मामा त्या माइकमध्ये फक्त एवढंच बोलले होते, “हॅलो, एक, दोन, तीन.” मग माइक बोलणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण पंख्याकडे बघत कोपऱ्यात उभं राहायचं.

आणि ते रजिस्टर. तारीख, संस्था, कारण, उपस्थिती, शेरा. सत्तावीस वर्षांत एक खाडाखोड नाही. चुकायची भीती वाटली, तर मामा आधी जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून बघत आणि मगच पेन उघडत.

गंमत अशी की त्या रजिस्टरात जी माणसं होती ती हॉलमध्ये फारशी नसत, आणि हॉलमध्ये जी असत ती रजिस्टरात मुळीच नसत.

नियम तसाच होता. हॉल हवा तर तीन दिवस आधी अर्ज, दोन प्रतींत, संस्थेचं नाव, अध्यक्षांची सही. आता रोज सकाळी दहाला येणाऱ्या पोस्टमनकडे कुठून असणार अध्यक्ष? पोस्टमन निवृत्त झालेला, आणि त्याचा मित्र घड्याळजी. आयुष्यभर बारीक चाकांत डोळे घालून घड्याळजीची नजर गेली होती. पोस्टमन त्याला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा. घरी दोघांच्या सुनांना तो आवाज सहन होत नसे, म्हणून हॉल. वाचता वाचता पोस्टमन स्वतःची मतं मध्येच घुसडायचा आणि घड्याळजी बरोबर पकडायचा, “हे छापलेलं नाही. हे तुझं आहे.”

एकदा मामांनीच तोडगा काढला होता. “तुम्ही दोघं मिळून एक संस्था काढा. मी नोंद करतो.” दोघांनाही पटलं. मग अध्यक्ष कोण यावरून चार दिवस भांडण चाललं आणि पाचव्या दिवशी संस्था बुडाली.

रोज दुपारी दोनला शिलाईच्या कारखान्यातल्या पाचसहा बायका सुट्टीत डबा खायला यायच्या, कारण कारखान्यात बसायला जागा नव्हती. आणि रोज संध्याकाळी पाचला यायची नवी मास्तरीण. ती बोलताना अडखळायची. उद्याचा धडा ती आज रिकाम्या खुर्च्यांना शिकवून बघायची. मामा शेवटच्या रांगेत बसत. सुरुवातीला नुसते बसत, मग एक दिवस हात वर करून म्हणाले, “बाई, पुन्हा सांगा, मला कळलं नाही.” मास्तरीण हसली आणि हसण्याच्या भरात अख्खं वाक्य न अडखळता बोलून गेली. तेव्हापासून मामांना रोज एक तरी गोष्ट कळेनाशी झाली.

अशी आणखीही कितीतरी माणसं येऊन-जाऊन असायची. यातलं काहीच रजिस्टरात जात नव्हतं. अर्जाशिवाय नोंद करणं म्हणजे खोटं लिहिणं, आणि खोटं लिहून रजिस्टर नासवणं मामांना जमलं नसतं. माणसं परत पाठवणंही जमत नव्हतं. म्हणून त्यांनी आपला मधला मार्ग काढला होता: दार उघडं, रजिस्टर बंद.

बायको एकदा म्हणाली होती, “तुम्हाला पगार कशाचा मिळतो? दार उघडायचा की लावायचा?”

“दोन्हीचा.”

“मग निम्मं काम तरी लिहीत जा कुठे.”

मामांनी ते हसण्यावारी नेलं. बायकोचं बोलणं हसण्यावारी नेलं की ते व्याजासकट परत येतं, हे लग्नाला बत्तीस वर्षं झालेल्या माणसाला कळायला हवं होतं.

एका दुपारी एक वाजता नगरपालिकेचा एक पोरसवदा इंजिनियर आला. त्या वेळी हॉल खरोखरच रिकामा असायचा. मामा एकटेच डबा खात होते. इंजिनियरनं लाल ठिपका पाडणाऱ्या यंत्रानं भिंती मोजल्या आणि मग अदबीनं विचारलं, “मामा, वापराची नोंद असेल ना? जरा बघायची होती.”

नोंद असेल ना! मामांनी डबा तसाच ठेवला, हात धुतले, रजिस्टर फडक्यानं पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

“वा! अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं!”

मामांनी त्याला स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजला. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण धोंडा टाकणाऱ्याला चहा विचारणारे मामाच.

पंधरा दिवसांनी नगरपालिकेतून पाकीट आलं. ‘दर्शनी भागावर डकवावे.’ मामांनी पिठाची खळ शिजवली, पट्टी लावून कागद सरळ आहे ना ते बघितलं, चारी कोपरे दाबले आणि मग तो वाचला. ‘सदर इमारतीचा गतवर्षी केवळ अकरा दिवस वापर झाल्याचे नोंदवहीवरून दिसून येते. इमारत विनावापर पडून असल्याने ती पाडून त्या जागी अठ्ठेचाळीस घरे बांधण्याचे प्रस्तावित आहे. हरकतींवर सुनावणी मंगळवारी सकाळी अकरा वाजता, याच ठिकाणी.’

मागून पोस्टमननं तोच कागद घड्याळजीला वाचून दाखवला. या वेळी स्वतःचं काही घुसडलं नाही.

“विनावापर म्हणजे?” घड्याळजीनं विचारलं.

“म्हणजे आपण.”

“अकरा दिवस कसे? रोज तर येतो. मामा, आमची नावं लिहीत नव्हता का तुम्ही?”

मामांच्या हातावरची खळ वाळत चालली होती. “अर्ज नव्हता ना तुमचा,” ते हळूच म्हणाले.

घड्याळजी पोस्टमनकडे तोंड करून म्हणाला, “सगळं तुझ्यामुळे. तेव्हा मला अध्यक्ष होऊ दिलं असतंस, तर आज ही वेळ आली नसती.”

त्याच संध्याकाळी मामांची लेक घरी आली, ती हवेत चालतच. ती आणि जावई एका गॅरेजच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. तिथं भिंतीला हात लावला तर ओल लागायची आणि खिडकी उघडली तर गाड्यांचा धूर. दोन वर्षांपूर्वी तिनं नगरपालिकेच्या घरांसाठी अर्ज केला होता.

“बाबा, अठ्ठेचाळीस घरं! आमचा अर्ज पात्र ठरलाय. आता फक्त सोडत. आणि नकाशा बघितला मी, स्वयंपाकघराला खिडकी आहे. दक्षिणेला!”

“कुठं होणार आहेत गं?” आईनं विचारलं.

लेक बापाकडे बघून थांबली. “बाबांच्या हॉलच्या जागी.”

मामा म्हणाले, “वा, छान,” आणि उगीचच उठून पाणी प्यायले.

लेक गेल्यावर बायकोनं भाजी निवडता निवडता विचारलं, “मंगळवारी काय करणार?”

“माइक धरणार. दुसरं काय?”

“ते झालंच. पण पोटात काय चाललंय?”

“घरं होऊ देत गं. लेकीला खिडकी मिळू दे. पण विनावापर लिहिलंय त्यांनी. सत्तावीस वर्षं! आणि लिहिलंय माझ्याच अक्षरावरून.” मग थांबून म्हणाले, “खरं सांगितलं तर नियम मोडल्याचं निघेल. आठ महिने राहिलेत नोकरीचे.”

बायकोनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. “मी तेव्हाच म्हटलं होतं, लिहीत जा. आता लिहिलं नाही ते बोलावं लागेल.”

मंगळवारी मामांनी सगळ्या एकशेवीस खुर्च्या मांडल्या. लंगड्या नऊ सुद्धा, मागच्या रांगेत. आली तेवीस माणसं. अकरा वाजता शाळा भरलेली असते आणि कारखान्यात मशिनं चालू असतात. ज्यांना बोलायचं होतं ती कामावर होती. स्टेजवर नगराध्यक्षा बाई, शेजारी मुख्याधिकारी साहेब, आणि खाली फाइल घेऊन तो इंजिनियर. मामांकडे बघून तो ओळखीचं हसला. मामांनी माइक तिरका धरला. “हॅलो, एक, दोन, तीन.”

घरांच्या बाजूनं चौघं बोलले आणि चौघंही खरं तेच बोलले. एका बाईनं आपल्या घरातली ओल सांगितली, तेव्हा मामांना गॅरेजमागची भिंत दिसली. हरकतीला पोस्टमन एकटाच उभा राहिला. हातवारे करून म्हणाला, आम्ही इथं रोज येतो.

“आपण कोणत्या संस्थेतर्फे?” साहेबांनी विचारलं.

“आम्ही… दोघं आहोत.”

“नोंदवहीत आपला उल्लेख नाही. बसा. आणखी कोणी?”

पोस्टमन बसला. मामांनी त्याच्याकडून माइक परत घेतला. आता माइक पुढच्या माणसाला द्यायचा, पण पुढचा माणूसच नव्हता.

“मी आहे,” मामा म्हणाले. माइक त्यांनी इतका सरळ धरला होता की तो गुणगुणू लागला. त्यांनी तो तिरका केला. “हॅलो, एक, दोन…” सवयीनं सुरू झालं आणि लोक हसले. मामाही ओशाळून हसले. मग म्हणाले, “माझी हरकत नाही. माझी चूक आहे. ते रजिस्टर अपुरं आहे. अर्ज होते तेवढेच लिहिले मी. बाकीच्यांना नुसतं दार उघडून दिलं.”

“म्हणजे तुम्ही नियम मोडत होता?” साहेबांनी चष्मा काढला.

“हो साहेब, रोज. रविवारी सुद्धा.”

बाई पुढं झुकल्या. “किती माणसं येतात?”

“तीस-पस्तीस. मी मोजतो रोज. सकाळी खुर्ची जिथं ठेवली तिथं संध्याकाळी नसली, म्हणजे तिच्यावर माणूस बसून गेला.” मग त्यांनी एकेकाचं सांगितलं. पेपर, डबे, आणि नाव न घेता मास्तरणीचा धडा. पाठ केल्यासारखं नाही. मध्येच विसरत, मध्येच मागं जात. शेवटी म्हणाले, “घरं बांधा. माझ्या लेकीचाही अर्ज आहे त्यात, तिला खिडकी हवीय. फक्त हे रिकामं होतं म्हणून पाडू नका. भरलेलं होतं हे लिहा, आणि मग पाडा.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घड्याळजी तेवढा मोठ्यानं म्हणाला, “हे छापून आलं पाहिजे.”

पुढच्या महिन्यात ठराव झाला, नऊ विरुद्ध चार. हॉल पाडायचा. पण ‘विनावापर’ हा शब्द बाईंनी वगळायला लावला, आणि तळमजल्यावर दोन घरांच्या जागी एक मोठी खोली ठेवायचं ठरलं, वस्तीतल्या कोणालाही, अर्जाविना. अठ्ठेचाळिसांची सेहेचाळीस झाली. मामांना दुसऱ्याच दिवशी ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. त्यांनी तिला मोत्यासारख्या अक्षरात उत्तर लिहिलं, आणि कारण म्हणून एकच ओळ: ‘दारात माणूस उभा होता.’ साहेबांनी फाइलवर ‘ताकीद द्यावी’ असा शेरा मारला. एक कर्मचारी नोटिशीला इतकं सुंदर उत्तर देतो, याचा त्यांना रागच आला म्हणतात.

पाडकामाला तीन महिने होते. मामांनी नवं रजिस्टर आणलं आणि रोज येणाऱ्या प्रत्येकाला लिहायला सुरुवात केली. संस्थेच्या रकान्यात पोस्टमननं ‘अध्यक्ष’ लिहायला सांगितलं, घड्याळजीनंही. मामांनी दोघांनाही अध्यक्ष केलं. सत्तावीस वर्षांत भरलं नव्हतं तेवढं रजिस्टर अडीच महिन्यांत भरलं.

शेवटच्या आठवड्यात लेक आली. आधी दारातच उभी राहिली. “दोन घरं खाल्लीत तुम्ही बाबा,” ती म्हणाली. आवाज चिडका होता, पण डोळे तसे नव्हते. “सोडतीत नाही लागलं, तर मी तुमच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीतच येऊन राहणार, सांगून ठेवते.”

“ये की. अर्ज लागत नाही तिथं.”

ती आत आली. नकाशा तिला पाठ होता. स्टेजपासून पावलं मोजत चौथ्या खिडकीशी गेली. “माझा नंबर लागलाच, तर ओटा इथं येईल.” खिडकीतून ऊन तिच्या हातावर पडलं होतं. हात तिनं तसाच उन्हात धरला. मामांनी एक खुर्ची आणून दिली, लंगडी नसलेली बघून. ती बसली, आणि उठायचं नाव घेईना.

मग मामांनी रजिस्टर उघडलं. “नाव?”

“बाबा!”

“नियम आहे. कारण काय लिहू?”

“लिहा, जागेची पाहणी.”

मामांनी लिहिलं. लेकीकडे एकदा बघितलं, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच लिहिलेल्यावर सरळ रेघ मारली. वर छोट्या अक्षरात लिहिलं: ‘बसायला आली.’