पुलावरचं नाणं

साठ सालच्या सुमारास मी ड्रेस्डेनला शिकत होतो. ज्या बाईंकडे खोली घेऊन राहायचो, त्या रविवारी चर्चऐवजी नदीवर जात. पायांत कैलासवासी नवऱ्याचे रबरी बूट, हॅटला खोचलेले गळ आणि दर वाक्याआधी एक ‘आल्झो’, म्हणजे आपलं ‘तर मग’. मला ट्राउट पकडायला शिकवायचं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

“आल्झो, माशाला सगळं ऐकू येतं,” त्या कुजबुजल्या. “मांजरासारखे चला.” मी मांजरासारखा काठावर गेलो आणि नदी दिसताच लहानपणच्या सवयीने खिशातलं नाणं पाण्यात टाकून हात जोडले. डुबुक आवाज झाला आणि दगडाआडची ट्राउट पसार झाली. आमच्याकडे नदीला असं देतात, मी म्हणालो.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बऱ्याच अलीकडे, पुलावरच थांबवलं. “आल्झो, तुमचं ते इथेच उरका. मासे वरच्या अंगाला आहेत.” मग तोच रिवाज पडला. मासा मात्र माझ्या गळाला लागेना; झुडपंच लागायची.

परीक्षेच्या आठवड्यात त्या एकट्याच गेल्या आणि टोपलीत दोन छान ट्राउट घेऊन आल्या. मी कौतुक केलं, तर बूट ओढून काढत म्हणाल्या, “पुलावरून तुमचं नाणं टाकलं मी. हातही जोडले.” मग जरा चिडूनच पुढे म्हणाल्या, “आल्झो, नाहीतर नदी दिवसभर तुमचीच चौकशी करत बसली असती.”