निम्मी बाग
डाळिंबाची झाडं पेटवल्याचा वास आला की अंथुर्ण्याची आमची बाग आठवते. तेल्या रोग पडला होता आणि बाग ठेवायची की उपटायची, हे वडिलांचं ठरत नव्हतं. त्यांनी झाडं मोजून दिली. संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलला शिकवलं होतं तसं मी प्रत्येक प्लॉटची एक ओळ निरोगी झाडांची, एक रोगट झाडांची कॉम्प्युटरवर भरली, शेजारच्या रकान्यात झाडांची संख्या लिहिली, प्रोग्रामकडून टेबल केलं, प्रमाण काढलं. निम्मी निरोगी आली. "म्हंजी बाग ऱ्हाती की गं, पोरी!" वडील हसले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, प्रोग्रामला संख्येचा रकाना मोजायला सांगायचंच राहिलं होतं. त्याने नुसत्या ओळी मोजल्या होत्या, झाडं नाही; प्रत्येक प्लॉटची एक निरोगी, एक रोगट, म्हणून निम्मी. दुरुस्त केल्यावर जवळजवळ सगळीच रोगट निघाली. "ते पयलं टेबल परत न्हाय का आणता येत?" वडिलांनी हळूच विचारलं.