वजनदार कार्ड

आमच्या मलकापुरात एकट्याने जाऊन मोठी वस्तू विकत घ्यायची पद्धत नाही. म्हैस असो की मोटरसायकल, सोबत जाणकार न्यावा लागतो. माझ्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं तेव्हा थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, आपण होऊन जाणकार झाले. त्यांचा धंदा उसाच्या ट्रॉल्या बांधायचा.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. तेव्हा हातात एका फौजीचं लग्न होतं. रविवारी त्याची सुट्टी संपत होती आणि जाताना फिल्म सोबत हवी होती. पुढची सुट्टी कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. इकडे ड्रोनचं चित्रण उघडलं की माझा कॉम्प्युटर मान टाकायचा. मला जास्त मेमरीचं कार्ड हवं होतं, एवढंच.

सांगलीच्या दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, गेम कोणता खेळता?" त्याने दाजींना विचारलं. दाजी जन्मात पत्त्यांपलीकडे काही खेळलेले नाहीत, पण महाशय खुर्चीत ऐसपैस बसले. "तुमी माल दावा," म्हणाले.

दोन कार्डं समोर आली. मी साध्या, दोन पंख्यांच्या कार्डावर हात ठेवला. मेमरी त्यात जास्त होती. दाजींनी दोन्ही कार्डं दोन तळहातांवर घेऊन तोलली. भाजी मंडईत नारळ तोलतात तशी.

"ह्ये लय हलकं हाय. ह्यो तीन पंख्याचा गडी बघ, कसा वजनदार! ह्योच घ्यायचा."

"दाजी, मेमरी बघायची असते. वजन नाही."

"तू गप गं. मशिनरीतलं तुला लय कळतंय व्हय?"

दुकानदाराने लगेच त्यांची री ओढली आणि कार्डाचे रंगीत दिवे लावून दाखवले. गाडी दाजींची, दुकानदार दाजींचा. माझं फक्त काम होतं.

घरी आल्यावर ते तीन पंख्यांचं कार्ड कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसेना. शहाण्या माणसाने ते परत नेलं असतं. दाजींनी कॅबिनेट वर्कशॉपमध्ये नेऊन त्याला ग्राइंडर लावला. आतलं सामान मी भांडून आधी काढायला लावलं, म्हणून ते तरी वाचलं. पत्रा कापल्यावर कार्डाचं नाक बाहेर आलं, दिवे बघायला शेजारीपाजारी जमले, दाजींनी पोटभर कौतुक करून घेतलं. आणि ड्रोनचं चित्रण उघडताच कॉम्प्युटरने पुन्हा मान टाकली. "वायरिंगमदी फॉल्ट असंल," म्हणत दाजी जेवायला निघून गेले. मला रडू आलं ते संतापाने.

शेवटी ड्रोनची सगळी दृश्यं काढून टाकून मी फिल्म पुरी केली. रविवारी दाजींच्याच गाडीतून मिरज स्टेशन गाठलं आणि फौजीच्या मोबाइलमध्ये ती भरून दिली. रडारड नको म्हणून त्याने बायकोला घरीच ठेवलं होतं. ड्रोनचं कसं सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

"ताई, हिनं माझं नाव घेतलं तेवढं कुठं हाय?" त्याने विचारलं.

मी उखाण्याचा भाग काढून दिला. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. फोन एका कानाला लावला, दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि डोळे मिटले. संपलं की पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दाजी माझ्याकडे झुकले. "आवाज बेस आलाय बघ. कार्ड वजनदार हाय म्हणून."

मी तोंड उघडलं होतं. पण फौजीचे डोळे अजून मिटलेलेच होते, म्हणून गप्प बसले.