हरलो तरी मलिदा होणारच

मंडळी, शनिवारचा शब्बाथ सुटलाय, मी सांगतेय आणि नात लिहितेय. आपल्या मराठी यहुदी मंडळींच्या सभागृहाच्या फळ्यावर लागलं की वाचाच.

आज आपल्या पेताह तिक्वा गावच्या संघाचा फुटबॉलचा सामना होता. शब्बाथला पैशाला हात लावायचा नाही नि गाडीत बसायचं नाही, म्हणून तिकीट कालच घेऊन ठेवलेलं, मैदानावर पायी गेले. जिंकलो तर नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नाबी पैगंबराच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करीन, असा नवस बोलले होते.

शेजारच्या खुर्चीवरचा दाढीवाला माझं लुगडं बघून म्हणाला, "आजी, तुमच्या हिंदुस्थानात क्रिकेट! हे आमचं गाव, आमचा खेळ."

आपल्यावर दुसरा गोल झाला आणि हाच गडी घरी निघाला. मी माझ्या मोडक्या हिब्रूत ओरडले, "अरे, तुझं गाव ना? मग हरताना सोडून कुठे चाललास? बस खाली!"

बसला बिचारा. शेवटच्या शिट्टीपर्यंत दोघं घसा फोडून ओरडलो. तरी हरलोच.

सून म्हणते, "आई, नवस फळला नाही, मग मलिदा कशाला?"

म्हटलं, "एलियाहू हन्नाबी काय गोलकीपर आहे? उद्या पोहे भिजव, नारळ खव."

दाढीवाल्यालाही सांगून आलेय, उद्या संध्याकाळी आमच्या गावात, माझ्या घरी ये. तुम्ही येताय ना, की तुम्हीही दुसऱ्या गोलाला उठणारे?