एलियांतचं गाढव

जाकमेलच्या किनाऱ्यावर तळलेले मासे विकणारी एलियांत मावशी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची आणि कार्निव्हलला सैतानाची जत्रा म्हणायची. तरी विल्नेर मास्तरांच्या मुखवट्यांच्या फुकट वर्गात ती दर शनिवारी हजर. शेजारी शाळकरी पोरं, समोर म्हातारा ओनोरा न्हावी. "मी कागदाच्या टोपल्या शिकायला येते," असं ती बजावायची. पण मातीच्या साच्यावर खळ लावलेले कागद चढत गेले आणि सगळ्यांदेखत गाढवाचं तोंड तयार झालं. एक कान वाकडा राहिला.

"भिंतीला टांगीन," ती म्हणाली.

कार्निव्हलमध्ये वाकड्या कानाचं एक गाढव बँडपुढे अंधार पडेपर्यंत नाचलं. अंगाला मासळीचा वास होताच. वर्गातली पोरं वाटेत भेटली, ती "नमस्कार, गाढवराव," म्हणून पुढे गेली.

पुढच्या शनिवारी मावशीनं दरडावून विचारलं, "कोण रे ते गाढव नाचत होतं?"

"कुणास ठाऊक, बाई," ओनोरा मान खाली घालून म्हणाला. "पण नाचलं झकास."

"गाढवच ते, त्याला कसली लाज," मावशी फणकारली आणि माती मळायला बसली. "मास्तर, कोंबड्याचा तुरा कसा करतात?"