काचेकडे तोंड केलेले कॉम्प्युटर

वारज्यात मी सायबर कॅफे काढला तेव्हा पेपरात रोज एकच बातमी असायची, पुणे आता माहिती तंत्रज्ञानाचं शहर होणार. चौकाचौकात तसे फलक लागले होते, आणि प्रत्येक फलकावर कॉम्प्युटरला हात न लावता त्याच्या शेजारी हसत उभे असलेले पुढारी. मला वाटलं, सरकारला जे हवंय तेच आपण करतोय. इतकी भोळी मी पुन्हा कधी झाले नाही.

दुकान म्हणजे तळमजल्यावरचा एक गाळा, थोडे कॉम्प्युटर आणि प्रत्येकाभोवती प्लायवूडचा आडोसा. गल्ल्यावर बाबा बसत. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. कागदावर त्यांची श्रद्धा होती आणि ती उगाच नव्हती. आमच्या आजोबांना गावात सगळे हुकूम तोंडी मिळायचे. या विहिरीवर यायचं नाही, या वाटेनं जायचं नाही. बाबांना जे काही मिळालं ते लेखी मिळालं, राज्यघटनेपासून नेमणुकीच्या पत्रापर्यंत. त्यामुळे "लेखी आहे का?" असं ते भाजीवाल्यालाही विचारायचे.

आमचं दुकान दुपारीही उघडं असे, म्हणजे पुण्यात जवळजवळ गुन्हाच. त्या वेळचं हमखास गिऱ्हाईक एकच, मागच्या गल्लीतल्या मावशी. त्यांच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं होतं आणि ती ऑस्ट्रेलियात राहायची. घरात तिचं नाव काढायचीही बंदी. नवरा जेवून आडवा झाला की मावशी दळण आणायला म्हणून निघायच्या आणि आमच्या कोपऱ्यातल्या आडोशात शिरायच्या. टायपिंग त्यांना मी शिकवलं. सुरुवातीची पत्रं दुकानाच्याच ईमेलवरून गेली, मग त्यांना स्वतःचं खातं काढून दिलं. आडोशामागे त्या कधी हसायच्या, कधी नाक ओढायच्या. मायलेकींचं जे काही नातं उरलं होतं, ते त्या प्लायवूडमागे होतं.

एक दिवस हवालदार आले. "वरनं हुकूम हाय. आडोसा नको. कोण काय बघतंय ते दिसाया पायजे. थोडं कापून घ्या, झालं." जवळपासच्या कॅफेवाल्यांनी त्यांना चहा पाजला, प्लायवूड वीतभर कापल्यासारखं केलं आणि विषय मिटवला. बाबांना ते पटेना. थोडं म्हणजे किती? त्यांनी रीतसर अर्ज केला की, याबाबत नेमका खुलासा व्हावा.

हे निवृत्त सरकारी माणसालाच सुचू शकतं. ज्या सरकारला आम्ही या गल्लीत आहोत हे धड माहीत नव्हतं, त्याला बाबांनी पूर्ण पत्ता देऊन विचारलं की आमचं आणखी काय करता येईल. आणि खुलासा आला. एवढ्या तत्परतेनं सरकारनं कुणाला उत्तर दिलेलं मी पाहिलेलं नाही. आडोसे पूर्ण काढावेत. कॉम्प्युटरची तोंडं दर्शनी काचेकडे करावीत. गिऱ्हाईक काय वाचतं यावर मालकानं लक्ष ठेवावं. शिवाय कॉम्प्युटरवर गाणी वाजतात, तेव्हा करमणुकीचा परवाना घ्यावा. त्या परवान्याच्या अर्जात तंबूची लांबी आणि जनावरांची सोय विचारली होती. जनावरांपुढे बाबांनी सुवाच्य अक्षरात 'नाहीत' लिहिलं. माहिती तंत्रज्ञानाच्या शहरात आम्ही सर्कस ठरलो, तीही बिनहत्तीची.

"बाबा, बाकीच्यांनी काय केलं ते बघा ना," मी चिडून म्हणाले.

"त्यांना तोंडी सांगितलंय. उद्या दुसरा हवालदार येईल, दुसरंच सांगेल. आपल्याकडे कागद आहे."

"कागद राहील, गिऱ्हाईक राहणार नाही."

बाबांनी सुतार बोलावला.

आठवड्याभरात आमच्या काचेबाहेर पेन्शनरांचा अड्डा जमला. सरकारनं लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं, पण ते काम त्यांनी बिनपगारी उचललं. पुणेकरानं दुपारची झोप सोडावी, याहून मोठं यश कुठल्याही सरकारी योजनेला मिळालेलं नसेल. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका मुलाला बाहेरून विचारणा झाली, "वक्तृत्वात पहिलं बक्षीस? कधी? आम्ही तर तुम्हाला बोलताना ऐकलं नाही." तो मुलगा परत आला नाही. हळूहळू बरेचजण परत आले नाहीत.

मावशी मात्र येत राहिल्या. रस्त्यावर कुणी नसलं की दोन मिनिटं बसायच्या, घाईघाईनं वाचायच्या आणि निघायच्या. पण एका दुपारी मुलीनं फोटो पाठवला. तेव्हा फोटो वरून खाली, रेघ रेघ करत उमटायचा. आधी लोकरीची टोपी आली, मग कपाळ, मग डोळे. मावशींना उठवेना. तेवढ्यात अड्ड्यातल्या एका गृहस्थांनी काचेवर टकटक केली.

"कुणाचं हो बाळ? डोळे अगदी तुमचे!"

त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हतं. संध्याकाळी बागेत फिरताना त्यांनी मावशींच्या यजमानांचं नातवंडाबद्दल मनापासून अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवसापासून दळण यजमान आणू लागले.

पुढे बरेच दिवस मावशी दिसल्या नाहीत. मग दुकानाच्या ईमेलवर त्यांच्या मुलीचं पत्र आलं. "आई बरी आहे ना? फोटो पाठवल्यापासून तिचं उत्तर नाही. फोटो पाठवायला नको होता का?" मी ते बाबांना वाचून दाखवलं. मला त्यांचा इतका राग आला होता की मी मुद्दाम शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

बाबांनी चष्मा पुसला आणि ते गल्ल्यावरून उठून कॉम्प्युटरसमोर बसले. त्याआधी ते कधीही तिथे बसले नव्हते. संध्याकाळची वेळ, बाहेर अड्डा भरलेला.

"तू बाहेर जा," ते म्हणाले. "या कॉम्प्युटरसमोर, काचेला पाठ लावून उभी राहा. आत बघायचं नाही."

"कशाला?"

"मी त्या मुलीला पत्र लिहितोय. आज तिच्या आईला जाऊन भेटतो आणि मग तिला काय ते कळवत जातो. ते त्यांचं त्यांच्यात राहील."

मी बाहेर जाऊन उभी राहिले आणि ओढणी दोन्ही हातांनी पसरली.

"अहो, जरा बाजूला व्हा, दिसत नाहीये," कुणीतरी म्हणालं.

"कळतंय मला," मी म्हणाले.

नेमके तेव्हाच हवालदार आले. गाडी स्टँडवर लावली, ओढणीकडे बघितलं, वाकून आत बघायचा प्रयत्न केला. "सरका ताई. आत काय चाललंय ते दिसाया पायजे. परवाना जाईल तुमचा."

"जाऊ दे."

माझे हात भरून आले होते. आत बाबा एका बोटानं एकेक अक्षर शोधत होते, आणि त्यांना कधी टायपिंग शिकवलं नाही म्हणून मी स्वतःवर चडफडत होते.