पेवांचा नकाशा

काकांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, तेही परक्या माणसासमोर. वीस वर्षांचा घोडा झालो होतो मी, हैदराबादच्या कॉलेजात शिकत होतो, आणि भर अंगणात त्यांनी अशी सणसणीत थोबाडीत ठेवून दिली की कान दिवसभर वाजत राहिला. गुन्हा एवढाच, की मी पाहुण्याला आमच्या पेवाची जागा दाखवली होती.

आईबाप लहानपणीच गेले, मला वाढवलं काकांनी. गाव साखऱ्याच्या बाजूचं, कोरडवाहू. ज्वारी पिकायची आणि ती जमिनीखाली पेवात ठेवायची. दोन पुरुष खोल खड्डा, तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. वर फरशी, फरशीवर माती, मातीवर शेणाचं सारवण, आणि मग त्यावरून बैल फिरवायचे, म्हणजे जागा कुणाला कळू नये. घरातल्या नव्या सुनेलाही वर्षभर पत्ता नसायचा की आपण रोज पेवावरून चालतोय.

आणि मी शहाणा, ते सगळं कागदावर काढून बसलो.

आमच्या कॉलेजाचा आणि परदेशातल्या एका विद्यापीठाचा करार झाला होता. त्यांचा एक माणूस इकडे येऊन खेड्यांचा अभ्यास करणार, आमचा एक तिकडे जाणार. त्यांचा साहेब आला, तो आमच्याच ओसरीवर राहिला. माणूस वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू? ठेचा खाऊन डोळे पुसायचा आणि पुन्हा मागायचा. कुठल्या घरात किती तोंडं, धान्य किती महिने पुरतं, सगळं विचारायचा. मी त्याचा दुभाषी. काम चोख झालं तर पुढच्या वर्षी बोटीत बसणारा मीच, असं प्राध्यापकांनी सांगून ठेवलं होतं. मी घरोघरची पेवं शोधली, नकाशावर लाल गोल केले, बाजूला खोली लिहिली. एक प्रत साहेबाला, एक माझ्या ट्रंकेत.

"काहून दाखवलं रे? तुझ्या बापानं तरी कुनाला दाखवलं व्हतं का?" काका ओरडले.

"सात समुद्रांपलीकडचा माणूस! तुमची ज्वारी काय खिशात घालून नेणार आहे?" मीही ओरडलो.

दुसऱ्या दिवशी ते निवळले. आपण होऊन साहेबासमोर येऊन बसले. म्हणाले, "दाखवलंच हाय तर बराबर लिहून घे म्हनावं. पेव उघडल्याबरोबर उतरायचं न्हाई. आत हवा कोंदलेली असती. दिसभर उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील इझला तर आत मरन हाय." बराच वेळ बोलत होते, हातवारे करून.

साहेबानं मला विचारलं, काय म्हणतायत? माझा गाल अजून चुरचुरत होता. मी म्हणालो, "काही नाही. जुन्या माणसांच्या रूढी." साहेब थोडा वेळ काकांकडे बघत राहिला आणि त्यानं वही मिटली.

पुढचं वर्ष अठ्ठेचाळीसचं. कॉलेज बंद पडलं, मी गावात आलो. ज्याच्या हातात बंदूक तो सरकार, असे दिवस होते ते. एका सकाळी कनेरगाव नाक्याच्या बाजूनं पंधरा-वीस हत्यारबंद माणसं आली. कुणाची, कसली, मला ठाऊक नाही, कुणी विचारायच्या आधी लाठ्या सुरू झाल्या. शेजारच्या म्हाताऱ्याची कवटी त्याच्याच उंबऱ्यावर फुटली. कडब्याच्या गंजी पेटल्या. बायका लेकरं कवटाळून ओढ्याकडे पळाल्या. आणि त्यांच्यातला एक जण आमच्या घरातून बाहेर आला तो माझ्या ट्रंकेतला नकाशा घेऊन.

जागा सांग म्हणून कुणाला मारायची गरजच उरली नाही. तरी मारलंच. लाल गोल पाहून पाहून त्यांनी गावकऱ्यांकडूनच पेवं खणून घेतली. आमचं पेव सगळ्यांत खोल, ते मीच लिहिलं होतं. फरशी सरकली तसा त्यांचा म्होरक्या माझ्या पाठीत बंदुकीचा दस्ता मारून हिंदीत म्हणाला, "तू पढा-लिखा है ना? उतर!"

काका मधे पडले. "आज न्हाई उतरायचं! कंदील सोडू द्या आधी!"

त्या दिवशी मी त्यांचा शब्द न् शब्द हिंदीतून सांगितला. हात जोडून सांगितला, रडून सांगितला. म्होरक्या हसला. म्हातारा वेळ काढतोय, म्हणाला, आणि बंदूक माझ्या कपाळाला लावली.

काकांनी धोतराचा काचा मारला. दोरी स्वतःच कमरेला बांधली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "त्याला काय समजतंय पेवातलं? पोरगं हाय ते. मी उतरतो."

खांदे दिसेनासे झाले आणि दोरीला एकदम ओझं आलं. मी ओढायला लागलो. कुणीतरी माझ्या हातांवर दस्ता हाणला, पुन्हा हाणला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. दोरी सुटली. खालून काकांचा आवाज आलाच नाही.

उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकडी आहेत.

सगळं शांत झाल्यावर, काही महिन्यांनी, परदेशातून जाड लिफाफा आला. माझी जागा पक्की झाली होती. सोबत साहेबाच्या लेखाचा मसुदा, त्यात माझा नकाशा सुबक उतरवलेला. आमच्या पेवापाशी पेन्सिलीनं लिहिलं होतं: "तुमचे काका इथे बराच वेळ बोलत होते. ते फक्त रूढीबद्दल नसावं असं मला वाटत राहिलं. कृपया त्यांना विचारून कळवावं."

मी गेलो नाही. पण उत्तर पाठवलं. उघडं ठेवायचं, कंदील सोडायचा, विझला तर उतरायचं नाही, असं काकांचं सगळं बोलणं क्रमानं लिहिलं. खाली लिहिलं की हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, तुम्हाला मी सांगितलं नाही.